चिंचेखालचा खड्डा

आमच्या घरात विटाळ पाळत नाहीत. ज्या शब्दाने गावाने आपल्याला पिढ्यानपिढ्या लांब उभं केलं, तो आपल्याच उंबऱ्याच्या आत कशाला ठेवायचा, असं म्हणून माझ्या आजेसासऱ्यांनी धम्म स्वीकारला तेव्हाच तो बाहेर काढला. त्यामुळे बोरी गावात सून म्हणून आले, तेव्हापासून पाळीतही मी स्वयंपाक करायचे, वंदनेला बसायचे. शेजारच्या बाया हेवा करायच्या. पण विटाळ गेला तरी कुशीची भीती मागे राहिलीच. पाळीचं कापड जाळलं की बाईची कूस जळते, हे आत्यांनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

म्हणून मी पॅड पुरायचे. घंटागाडी गावठाणात फिरते, आमच्या वस्तीवर येत नाही. जाळायचं नाही, उघड्यावर टाकलं तर कुत्री ओढून अंगणात आणतात, मग उरला बांध. दिवस कलला की मी खुरपं घेऊन निघायचे आणि आत्या काठी घेऊन मागे. बांधाला लागून उसाचा फड, आणि उसात बिबट्या. वाकून काम करणाऱ्या बाईला आमच्याकडे एकटं सोडत नाहीत. मी खणायचे, त्या उसाकडे तोंड करून उभ्या राहायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत.

ते न बोलणं मला बोचायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नारायणगावला नवऱ्याच्या आणि माझ्या तपासण्या झाल्या, दोष कुठे सापडेना. घरात कुणी टाकून बोललं नाही, खोटं कशाला सांगू. पण दर महिन्याला 'याही खेपेला नाही' हे सासूला सोबत नेऊन, खड्डा खणून दाखवायचं, याची मला चीड यायची. वाटायचं, ही बाई माझी राखण करत नाही, माझ्यावर पाळत ठेवते आहे.

मागच्या वर्षी बांधाकडेचा, मी जिथे पुरायचे तो पडीक तुकडा मोडून कांदा लावायचं ठरलं. माती फोडून भुसभुशीत करायला, रोटर मारायला ट्रॅक्टर आला. लागणीच्या बाया रोपं घेऊन कडेला बसल्या होत्या. फेरी मारता मारता ड्रायव्हरने ट्रॅक्टर थांबवला आणि तोंड फिरवून उभा राहिला. आत्यांच्या काळातलं सुती कापड मातीत जिरून जायचं. माझे पॅड जिरले नव्हते. काळपट, फुगलेले, प्लास्टिकच्या चिंध्या लोंबणारे, ते सगळे वर आले होते. काही रोटरच्या पात्यांना गुंडाळले होते. मला वाटलं, माझी सगळी रिकामी वर्षं भर उन्हात लोकांपुढे अंथरली.

आत्या उठल्या. पदर खोचला, घमेलं घेतलं आणि उघड्या हातांनी वेचायला लागल्या. बायांतली एक फिसकन हसली. आत्या मागे न वळता म्हणाल्या, "हसू नको गं. माझंच हाय ते. तुजं कुठं जातंय ते बग आदी." त्यांची पाळी जाऊन किती काळ लोटला, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पुन्हा कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परड्यात चिंचेखाली खोल खड्डा खणला आणि वर फरशीचा तुकडा झाकला. "हितं नांगर यायचा न्हाई," एवढंच म्हणाल्या.

मला मात्र आता काहीही पुरायचं नव्हतं. माझी थोरली बहीण मंचरला नर्स आहे. तिने मला पाळीत वापरायचा कप दिला. सिलिकॉनचा, मऊ, मुठीत मावेल एवढा. कसा दुमडायचा, कसा बसवायचा, पाळी संपल्यावर कसा उकळायचा, सगळं समोर बसवून समजावलं. "याने कुशीला काही होत नाही," हेही तिने मी न विचारता सांगितलं. पहिल्या वेळी न्हाणीत घाम फुटेपर्यंत झगडले. कप निसटून फरशीवर पडला, पुन्हा उकळावा लागला, रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी जमला. कांदा खुरपायला बसले आणि पाळी आहे हेच विसरून गेले. मांड्या सोलवटल्या नाहीत, मागे डाग पडला का म्हणून सारखं वळून बघावं लागलं नाही. इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. आत्यांना सांगितलं नाही. शरीराच्या आत घालायची वस्तू त्यांना कुठल्या तोंडाने समजावणार? त्या मळ्यात असल्या की मी कप उकळून घ्यायचे.

तो महिना गेला, पुढचा गेला. चिंचेकडे जायला मी आत्यांना हाक मारली नाही. हळूहळू आत्या बदलल्या. टोमॅटोचं क्रेट उचलायला गेले की "ठेव खाली, मी हाय ना," म्हणायच्या. दुधाचा पेला न मागता समोर यायचा. एकदा भिजवलेली खारीक दिली. मला वाटलं, रोटरच्या दिवसाची दया येते आहे. दया मला सोसत नाही, पण दूध प्यायले.

मग एका दुपारी त्या पडवीत शिवत बसलेल्या दिसल्या. मांडीवर त्यांचंच जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं होतं. फाडून चौकोनी केलेलं, कडेने बारीक टाके. ते बाळाचं दुपटं होतं. तेव्हा त्या दुधाचा, खारकेचा अर्थ लागला. खड्डा रिकामा राहिला होता, आणि माझ्या पाळीची खबर त्यांना दुसरीकडून कुठून मिळणार होती?

मी कप आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. सुई थांबली.

"म्हंजी न्हाई?"

"नाही, आत्या."

त्यांनी कप उचलला, उलटासुलटा करून पाहिला. "दुखत न्हाई ना?"

"नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "आता तुम्हाला माझ्यामागं बांधावर ताटकळायला नको."

"ताटकळायचा तरास कुणाला व्हता?" त्या म्हणाल्या. "मलाबी पयलं पोर व्हायला लई वर्सं लागली. दर म्हैन्याला एकलीच जायची मी त्या बांधावर. पुरायचं, रडायचं, आन् तोंड धुऊन घरात यायचं. तुजं तसं नको व्हायला म्हनून यायची तुज्यासंगं. बिबट्याचं निसतं निमित्त." मग कप माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "हे वापर. पर मला सांगत जा. न्हाई झालं तरी सांग."

तेव्हापासून सांगते. आजवर दर महिन्याला 'नाही' हेच सांगत आले आहे. आत्या हातातलं काम ठेवतात आणि माझ्यापाशी येऊन बसतात.