त्याची दोन बोटं

दगडावर गाडी चढवताना ड्रायव्हरनं खाली बघायचं नसतं. बॉनेटपुढचे धोंडे त्याला दिसतच नाहीत. समोर एक माणूस उभा असतो, त्याच्या हाताकडं बघायचं. मूठ मिटली की थांबायचं, दोन बोटं वळतील तिकडं स्टिअरिंग फिरवायचं. ह्या खुणा मी आणि माझ्या दोस्तानं कराडच्या माझ्या गॅरेजात ठरवल्या होत्या. नऊ वर्षं तो पुढं उभा राहिला आणि मी डोळे झाकून गाडी घातली.

गाडी म्हणजे वडिलांची जुनी जीप. फौजेतनं रिटायर झाल्यावर त्यांनी लिलावात घेतलेली. ते गेल्यावर भंगारवाला दारात आला, तेव्हा ह्या दोस्तानंच त्याला हाकललं. म्हणाला, "गड्या, ही दगडावर चढंल बघ." मग आम्ही दोघांनी स्प्रिंगचे पाटे बदलून तिला उंच केली, पोटाखाली जाड पत्रा ठोकला, मोठी टायरं बसवली. चढाआधी टायरांतली हवा निम्म्यापेक्षा कमी करायची, म्हणजे रबर दगडाला धरून राहतं, हे त्यानंच मला शिकवलं. ते मी नाकारत नाही. म्हणून तर जास्त झोंबतं.

नवव्या वर्षी आटपाडीच्या पुढं माळावर दगडांवर गाड्या चढवायची स्पर्धा होती आणि आम्ही पहिल्यांदाच शेवटच्या फेरीत पोचलो होतो. जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलचे भाग आता कुठंच मिळत नव्हते. तो तुटला की वडिलांची जीप कायमची उभी राहणार, हे मला जेवढं माहीत तेवढंच त्यालाही. आदल्या संध्याकाळी आम्ही चढाची वाट पायी फिरून बघितली. शेवटच्या टप्प्याशी तो थांबला. "डावीकडं भेग हाय. चाक आत गेलं की अ‍ॅक्सल गेलाच म्हण. उजवा धोंडा धर."

सकाळी बघतो तर हा दुसऱ्याच टीमचा लाल शर्ट घालून उभा! शिरवळच्या बाजूचा कुणी पैसेवाला, नवीकोरी गाडी.

"हे काय रं?"

"महिना झाला ठरून. मनावर घेऊ नगंस."

महिना! म्हणजे काल माझ्याबरोबर फिरला तेव्हाही तो त्यांचाच होता. तोंडावर सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं?

बायको डबा घेऊन आली होती. तिचं माहेर त्याच माळावरचं, मेंढरांमागं फिरून वाढलेली. ती म्हणाली, "आवं, मी ऱ्हाते की उभी. ह्यो माळ माझ्या पायाखालचा हाय." पंचांनी तिला हेल्मेट दिलं. खुणा तिनं पाच मिनिटांत उचलल्या.

आणि काय नेलं तिनं मला! चारी चाकांना जोर देणारा फोर-लो, पहिला गिअर, जीप मुंगीच्या पावलानं वर सरकत होती. मोठा धोंडा दोन चाकांच्या मधे घ्यायचा नाही, चाक त्याच्या डोक्यावर चढवायचं. तिनं एकही चुकवला नाही. शेवटच्या टप्प्याशी तिची बोटं उजवीकडं वळली.

तेवढ्यात तिच्या मागं, बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडं, लाल शर्टाचा हात वर झाला. दोन बोटं, डावीकडं. काल त्यानंच उजवा धोंडा सांगितला होता. बायको ओरडत होती, "माझ्याकडं बघा!" तरी माझे हात डावीकडं वळले.

चाक भेगेत गेलं. आवाजावरनंच कळलं, अ‍ॅक्सल तुटला.

मी उतरून त्याची गचांडी धरली. "का रं असं केलंस?"

"म्या काय केलं? केस मागं सारत हुतो."

केस! डोक्याचा पार तुळतुळीत गोटा झालेला, आणि म्हणे केस! लोकांनी सोडवलं म्हणून वाचला नीच माणूस.

जीप ट्रकवर चढवून आम्ही परत निघालो. विट्यापर्यंत मी त्याला शिव्या घालत होतो. विश्वासघातकी, घरभेद्या, तोंडाला येईल ते. बायको खिडकीतनं बाहेर बघत होती. विटा मागं पडल्यावर म्हणाली, "त्यो तर दुसऱ्याचाच झाला हुता. पण फुडं मी हुबी हुते न्हवं?"