रफिकचाचांची मूठ

विश्रामबागेतल्या आमच्या पेन क्लिनिकमध्ये किस्से नुसते साचतात. घरी सांगायला गेलं की नवरा म्हणतो, "जेवताना नको!" म्हणून तुम्हाला सांगते. मी स्कॅनची टेक्निशियन. वेदनाशामक दिलं की कुणाचा मेंदू किती शांत होतो, ते आम्ही पडद्यावर बघतो. दुखणं लाल दिसतं. शिवाय पेशंटला माइकवरून सारखं विचारायचं, "शून्य ते दहा, किती?" ही सवय इतकी, की भाजीवालीलाही विचारून झालंय!

आकडे लिहून घेतात रफिकचाचा. पूर्वीचे सुतार. पाचगणीच्या घाटात जीप दरीत गेली, त्यात बायको गेली आणि चाचांचा डावा हात कोपरापासून गेला. पण त्या नसलेल्या हाताची मूठ आवळलेलीच राहिली. नखं तळव्यात रुततात म्हणे, झोप लागत नाही. "एकदा मूठ उघडू दे, बास," एवढंच त्यांचं मागणं. स्वतः औषध घ्यायला मात्र घाबरायचे.

*

हळदीचे एक व्यापारी आले, शहाकाका. पाठीने बेजार. सलाईन लावलं आणि मी सांगितलं, "काका, औषध सुरू केलंय." पडद्यावरचा लाल रंग विझत गेला.

"लय गार वाटतंय! आठाचं दोन झालं बघा!"

मी खूश. चाचा माझ्याकडे बघत होते. "ताई, नळीचा चाप उघडलाच न्हाई तुमी."

बघितलं तर खरंच! औषधाचा एक थेंबही गेला नव्हता.

*

मिरजेच्या दोन जुळ्या बहिणी. दोघींना अर्धशिशी. थोरलीला आत घेतलं, औषध दिलं. तिचा पडदा लालच, आकडा सातच! बाहेर बाकावर बसलेली धाकटी चाचांना म्हणाली, "आवं, माझं डोकं उतरलं की!"

चाचांनी वहीत दोघींचे आकडे लिहिले. आमच्या डॉक्टर मॅडमनी धाकटीचा खोडला. पण रेघ मारताना त्याही थांबल्या होत्या.

*

खंडाळ्याचे रिटायर्ड सुभेदार. गुडघे पार गेलेले. विचारलं की ठरलेलं उत्तर, "शून्य! काय बी दुखत न्हाई." चेहऱ्यावर सुरकुती हलेना, पडद्यावर मात्र लालच लाल.

औषध गेलं, लाल मावळलं. तेव्हा सुभेदार पहिल्यांदा दचकले.

"ताई, माझ्याजवळनं आत्ता कोण उठून गेलं?"

आत त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं.

त्या संध्याकाळी चाचांनी वही मिटली. म्हणाले, "माझी बी मूठ उघडंल का, ताई?" मी म्हटलं, "बघूया."

*

चाचा मशीनमध्ये झोपले. या वेळी चाप मी दोनदा तपासला. पडदा भडक लाल, आकडा नऊ. औषध सुरू झालं तसा रंग कडेकडेने कमी होत गेला आणि सगळं काळं झालं.

"सुटली! ताई, मूठ सुटली!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच आलं. मॅडम पेढे आणायला सांगत होत्या.

मग माइकवर चाचांचा आवाज आला, अगदी हळू. "तिचा हात व्हता तिच्यात."

"कुणाचा, चाचा?"

"बायकोचा. जीप कलंडली तवा घट्ट धरला व्हता. आत्ता ध्यानात आलं. आत्ताच सुटला."

माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "शून्य ते दहा, किती?"

"दहा."

पडदा काळाच होता.