बारवेच्या सतरा पायऱ्या

बाईंचा मुलगा पुण्याहून फोन करायचा तेव्हा त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं, "ताई, आईला पायऱ्या उतरू द्यायच्या नाहीत." बाईंचं खुब्याचं हाड मोडून वर्ष झालं होतं. पुन्हा पडल्या तर त्यांचं काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझं काय होईल ते कुणी सांगायची गरज नव्हती. सातवीत शाळा सुटलेल्या, माझ्यासारख्या नांदेडकडच्या बाईला, कुणाच्या आईला सांभाळायचे म्हणून, शहरात तारनाक्याला खोली, जेवण आणि वर पगार कोण देतं?

बाई जामबागेतल्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवायच्या. "पण बघितलं काय मी? पुस्तकातली चित्रं," असं म्हणायच्या. म्हणून गेल्या हिवाळ्यात रविवारी गाडी ठरवून वरंगलच्या रस्त्यानं जायला लागलो. भोनगीरचा किल्ला त्यांनी गाडीच्या काचेतूनच पाहिला, मान वाकडी करून. "वरचं राहू दे," म्हणाल्या, आणि गाडी वळवायला सांगितली.

तिसऱ्या रविवारी बारव. मोठ्या रस्त्यापासून आत, कापसाच्या शेतांत. लांबून काहीच दिसत नाही. कठड्याशी गेलं की एकदम खाली पायऱ्या, कोनाडे, तळाला हिरवं पाणी.

"अम्मा, ऊपरइच बैठो ना," ड्रायव्हर म्हणाला. "मैं फोटू निकाल के लातूं."

"फोटो तीस वर्षं बघितले रे बाबा." मग माझ्याकडे वळून, "मला पाण्याला हात लावायचाय."

"नको बाई."

चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या कठड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, भोनगीरला काचेतून बघत होत्या तशाच.

आमच्या गावच्या बारवेवर मी घागर घेऊन उतरलेली. दिवस भरत आलेल्या बायका शेवाळावरून कशा उतरायच्या ते पाहिलेलं. बसून. पाय खालच्या पायरीवर रोवायचे, हातांवर भार घ्यायचा आणि सरकायचं.

"बसून उतराल?"

"अगं, लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? त्या शेळ्या?"

मी खाली, त्यांच्याकडे तोंड करून. ड्रायव्हर मागे, देवाचं नाव घेत. दहाव्या पायरीवर बाई थांबल्या. दम लागला होता. आता ना वर, ना खाली.

पण बाई पायरीवरून हात फिरवत होत्या. "मधे केवढी झिजलीय बघ."

"पायांनी झिजते बाई. आमच्याकडची पण तशीच आहे."

"मी पेपरात बांधणाऱ्या राजाचं नाव विचारायचे," त्या म्हणाल्या. "दोन मार्कांना." आणि स्वतःच पुढे सरकल्या.

सतराव्या पायरीवर पाणी लागलं. मनगटापर्यंत हात बुडवून त्या किती वेळ बसल्या, मला माहीत नाही. मी त्यांचे पाय धरून होते.

वर यायला पाऊण तास लागला. त्यांचं लुगडं मागून शेवाळानं हिरवंगार झालं होतं. गाडीत बसतो न बसतो तोच मुलाचा फोन.

"पायऱ्या नाही ना उतरलीस?"

"छे! वरूनच बघितलं."

"ताईंना दे बरं."

बाईंनी माझा हात दाबला. त्यानं मलाही तेच विचारलं. वरूनच बघितलं म्हटलं असतं तर सुटले असते. पण संध्याकाळी खुबा दुखायला लागला, तर डॉक्टरांना काय सांगणार होते मी?

"उतरल्या, दादा. सतरा पायऱ्या, बसून. मीच उतरवलं."

ड्रायव्हरनं गाडी हळू केली.

"चढल्या कशा?"

"तशाच. उलट्या."

"दुखतंय का काही?"

"नाही म्हणतात. घरी गेल्यावर बघते मी."

"आईला द्या."

आता तो इतका हळू बोलत होता, की मला ऐकू आलं नाही. बाई नुसतं "हो, हो" करत होत्या. मग म्हणाल्या, "गार होतं रे पाणी, खूप गार."

फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "खोटं बोलायला शिकवायला पाहिजे तुला."

"सातवीतच सुटली ना शाळा, बाई."

हसता हसता त्यांनी डोळे पुसले. खुबा काही दुखला नाही. मुलानं मला कामावरून काढलं नाही, हे उपकार मी विसरत नाही. हल्ली फोन ठेवताना म्हणतो, "ताई, बसूनच हं." मी हो म्हणते. पण रविवारी कुठं उभ्या पायऱ्या दिसल्या, की तळहाताला घाम सुटायचा तो सुटतोच.