दोन मेणबत्त्यांचा पाठ

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू चांगली टीचर होतीस का?" मी हसून वेळ मारून नेली. आता नीट लिहिते.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी शेवगावच्या आमच्या शाळेत बी.एड.ची एक मुलगी सराव पाठांसाठी आली. आई-वडील दरसाल ऊसतोडीला जाणारे. घरात शिकलेली ही पहिलीच. मागच्या बाकावर बसून तिच्या पाठांवर शेरे लिहायचे, हे माझं काम.

सातवीत तिने हवेचा प्रयोग घेतला. बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा पेला. मेणबत्ती विझली, पाणी पेल्यात चढलं. हवेतला ऑक्सिजन एक पंचमांश, तो जळतो म्हणून पाणी तेवढंच चढतं, असं मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते.

एक पोरगी म्हणाली, "मॅडम, दोन लावून बघू का?"

लावल्या. पाणी बरंच वर गेलं. वर्गात गलका झाला.

"असं का झालं, मला न्हाई माहीत," बी.एड.वाली मोकळेपणी म्हणाली. "उद्या तीन लावून बघू."

मी उठले, तिच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर 'एक पंचमांश' लिहिलं. "दुसऱ्या वेळी प्रयोग चुकला. हे उतरवून घ्या." पोरांनी माना खाली घालून उतरवून घेतलं.

शिक्षकांच्या खोलीत ती म्हणाली, "बाई, पण पाणी लई चढलं हुतं. तुमीबी बघितलं."

"अगं, माहीत नाही म्हणणाऱ्या बाईला पोरं दोन दिवसांत विकून खातात." वहीत शेरा दिला: विषयज्ञान कच्चे.

पुढच्या पाठाला तिने आधी निष्कर्ष लिहून दिला, मग प्रयोग केला. कुणी हात वर केला की "नंतर" म्हणाली. मी 'उत्कृष्ट' लिहिलं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात दोन मेणबत्त्या लावल्या. पेला ठेवताना कडेने बुडबुडे निघाले. तापलेली हवा आधीच बाहेर पडत होती; उरलेली गार होऊन आकसली, तसं पाणी चढलं. ज्योती जास्त, तर पाणीही जास्त. चूक तिची नव्हतीच.

दुसरा दिवस तिचा शेवटचा. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. सगळ्या शिक्षकांसमोर ती पाया पडली. "बाई, तुमच्यामुळं वर्ग धरायला शिकले. आता कुनाला मधी प्रश्नच इचारू देत न्हाई."

"तालीम कुणाची!" एक सर म्हणाले. सगळे हसले.

मी "गुणाची गं" म्हणाले आणि तिच्या वहीवर सही केली.