बिरूकाकांना मी पाण्याबाहेर काढलं

बिरूकाका आज पहाटे गेले.
शेवटचं दीड वर्ष ते घरात अडकून पडले होते. माझ्यामुळे.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काका सांगोल्याकडचे, घरी मेंढरं. पोहायला विहिरीत शिकले. तरुणपणी गोव्याला गेले आणि बरीच वर्षं वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींवर काम केलं. सोलापूरला परत आले ते एक जुनी मोटरबोट आणि चार वेकबोर्ड घेऊन.

वेकबोर्डिंग म्हणजे पाय फळीत अडकवायचे, बोटीला बांधलेली दोरी धरायची आणि बोट निघाली की पाण्यावर उभं राहायचं.
हे सोलापुरात कोण शिकणार, असं सगळे म्हणायचे.

मी शिकले.
पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. तिथेच पॅकिंगला माझंही ठरलं होतं. काकांनी मला बोट चालवायला शिकवलं, पगारावर ठेवलं आणि पॅकिंग टळलं.

दीड वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात आमची पहिली मोठी टूर ठरली. शाळांच्या पीटी शिक्षकांसाठी क्लिनिक, म्हणजे वेकबोर्डिंग शिकवायचं शिबिर. सहा तलाव, प्रत्येक ठिकाणी दोन दिवस. जीपच्या मागे ट्रॉलीवर बोट, आत आम्ही दोघं.

पहिलाच मुक्काम उजनीच्या बॅकवॉटरला. सकाळी बोट पाण्यात उतरवायच्या आधी काका जीपच्या आड कोसळले. हातपाय ताठ, तोंडाला फेस.
फिट आली होती.

दोन मिनिटांनी शुद्धीवर आले. मग कळलं की ही पहिली नव्हे. डॉक्टरांनी पाण्यात उतरायचंच नाही म्हणून बजावलं होतं. घरी काकूंना यातलं काही माहीत नव्हतं.

"सुमनला बोलू नगंस," काका म्हणाले. "कळलं तर ती मला घरात कोंडंल. शपथ घे."

मी शपथ घेतली.
काकांची दया आली म्हणून घेतली, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं हे की टूर थांबली असती तर पुढच्या सोमवारी मी पॅकिंगला उभी असते.

मी त्यांना काठावरून शिकवा म्हटलं. ते हो म्हणायचे आणि अर्ध्या तासात गळ्याएवढ्या पाण्यात असायचे. शिकणाऱ्याला खांद्याला धरून बसवल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही.
बोट चालवताना माझं सगळं लक्ष मागच्या आरशात. आरशात ते दिसेनासे झाले की मी बोटीचा वेग कमी करायची.

रोज संध्याकाळी सुमनकाकूंचा फोन यायचा. त्यांना कसली तरी कुणकुण लागली होती. काकांऐवजी मला फोन करायच्या, मुद्दाम.
"खरं सांग बाई, बरे हायत नव्हं?"
शेजारी काका बसलेले, माझ्याकडे बघत.
"एकदम मस्त आहेत काकू."

एका तलावावरून दुसऱ्या तलावावर जाताना तर जास्तच गुदमरायचं. जीपचं माझ्या बाजूचं दार आतून उघडायचं नाही, काका खाली उतरून बाहेरून उघडायचे. ते गाडी चालवायचे, गप्पा मारायचे, आणि मी त्यांचे स्टिअरिंगवरचे हात बघत बसायची. उतरून पळावंसं वाटायचं. पण मग बोट कोण चालवणार? आणि त्यांना कोण बघणार?

चौथा तलाव अक्कलकोटच्या पुढे. दुपारची वेळ. काका पाण्यात एका पीटीच्या मॅडमना फळीवर बसवत होते. आरशात मला त्यांची मान एकदम मागे गेलेली दिसली. मॅडमच्या लाइफ जॅकेटचा पट्टा त्यांच्या मुठीत आवळलेला, आणि मॅडम पाण्याखाली ओढल्या जात होत्या.

मी इंजिन बंद केलं आणि उडी मारली.
मूठ सुटेना. दोन्ही हातांनी एकेक बोट उकलून मॅडमना मोकळं केलं. मग काकांचं डोकं माझ्या खांद्यावर धरून मी तरंगत राहिले, बाकीचे शिक्षक येईपर्यंत.

काठावर शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी मॅडमबद्दल विचारलं. त्या खोकत बसल्या होत्या, पण ठीक होत्या.
मग म्हणाले, फोन करू नकोस.

मी त्यांच्यासमोरच काकूंना फोन लावला. पहिल्या फिटपासून सगळं सांगितलं.

तीन तासांत काकू भावाची गाडी घेऊन आल्या. माझ्यावर रागावल्या नाहीत. काका मागच्या सीटवर बसले आणि गाडी निघेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. गाडी बंद, बोट बंद. बाथरूमची आतली कडी काकूंनी काढून टाकली. गच्चीवर जायचं तरी काकू सोबत.
मी पॅकिंगला लागले. दर रविवारी काकांकडे जायची. ते चहा प्यायचे, पप्पांची चौकशी करायचे. तलावांबद्दल अवाक्षर नाही.

गेल्या महिन्यात काकू दळण आणायला खाली गेल्या होत्या. काका खिडकीत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले,
"त्या दिशी मला सोडायचं हुतंस."

जिन्यात काकूंची पावलं वाजली तशी मी चहाचे कप उचलून आत गेले.

आज सगळं आटोपून माणसं पांगल्यावर काकूंनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, तुझ्यामुळं मला दीड वर्ष मिळालं.
मला ते ऐकवेना. आता काकूंपासून काही लपवणं माझ्याच्याने होणार नव्हतं. काका काय म्हणाले ते मी सांगून टाकलं.


"मलाबी म्हणायचे," काकू म्हणाल्या. "रोज. मी ऐकून घ्यायची, आन् ताट वाढायची."

काका, मला माफ करा असं मी म्हणणार नाही. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा उडी मारीन.
पण तुमचं म्हणणं मी ऐकलंय.
या आता.