कॉव्हेंट्रीला नेलेला डबा

कॉव्हेंट्रीला कोणी सहलीला जातं का? मी गेलो. दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून लंडनमधल्या पिनरच्या घरात मी आणि टीव्ही असे दोघेच आहोत. त्यामुळे लुसाकाच्या फिरीसाहेबांचा मेसेज आला तेव्हा मी उडालोच. "मुलीच्या पदवीदानाला कॉव्हेंट्रीत आलोय. शनिवारी जेवायला या. पंपांबद्दल बोलू."

पंप! मिडलंड्समधल्या एका कंपनीचे पाण्याचे पंप मी वर्षानुवर्षं झांबियाला विकले आणि फिरीसाहेब तिथल्या पाणीखात्यासाठी ते घ्यायचे. मग एक चिनी कंपनी आली, स्वस्त पंप आणि वर ते घ्यायला चिनी बँकेचं कर्जही देऊ करत. आमचा गाशा गुंडाळला गेला. आता तिथे म्हणे वाढीव काम निघालंय. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, सल्लागार म्हणून बोलावतील. माझी कोणाला तरी गरज असेल.

"बाबा, त्यांनी जेवण ठेवला आहे ना? मग डबा कशाला?" लीड्सहून मुलगी फोनवर वैतागली. इथेच वाढली, तिचं मराठी असंच आहे.

"असू दे गं. लोकांकडे काय असेल, सांगता येत नाही," म्हणत मी दशम्या आणि दाण्याची चटणी भरली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने यूस्टन स्क्वेअर, तिथून पाच मिनिटं चालत यूस्टन. फास्ट ट्रेन तासाभरात पोचवते. मी स्लो घेतली. तिकीट बरंच स्वस्त, त्यात सीनियर रेलकार्डावर एक तृतीयांश सूट, आणि मला घाई तरी कसली होती? शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली होती. मिल्टन कीन्सला एका बाईने विचारलं, "इथे कोणी आहे?" मी लगबगीने पिशवी उचलली. तेवढ्यात तिला पुढे आख्खी रिकामी सीट दिसली आणि ती तिकडे गेली. पिशवी परत ठेवली.

स्टेशनपासून गावात पंधरा मिनिटांत चालत पोचता येतं. युद्धात बॉम्ब पडून छप्पर गेलेलं जुनं कॅथीड्रल जरूर बघा, नुसत्या भिंती उभ्या आहेत, आत जायला पैसे पडत नाहीत. तिथल्या बाकावर बसून मी सल्लागार म्हणून काय काय सांगायचं याची उजळणी केली. वेडाच मी!

फ्लॅटचं दार फिरीसाहेबांच्या मुलीने, थोकोने उघडलं. जेवणाआधी तिने पाण्याचा जग आणि तसराळं आणून आमच्या हातांवर पाणी घातलं. टेबलावर मक्याच्या पिठाची पांढरी घट्ट उकड होती, तिला न्शिमा म्हणतात, आणि दाण्याचा कूट घातलेली पालेभाजी. सगळं हाताने खायचं. मी बघतच राहिलो. अहो, हे तर आपलंच जेवण!

"लुसाकात तुमच्या घरीही हेच असायचं का?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी मुद्दाम," फिरीसाहेब म्हणाले. "तुम्ही मांसमच्छी खात नाही, हे माझ्या बायकोला माहीत होतं. पण जेवायला बोलावलं की तुम्ही दर वेळी म्हणायचात, पोट बरं नाही."

आणि दर वेळी मी हॉटेलच्या खोलीत बसून घरून नेलेल्या दशम्या खायचो. अरे देवा.

त्यांनी फोनवर फोटो दाखवला. त्यांच्याच घरचं टेबल, आणि न्शिमाचा गोळा वळत बसलेला एक चिनी इंजिनियर.

"हा ल्यू. कर्ज अजून फिटलेलं नाही आणि त्यांचे पहिले पंप वर्षभरात बिघडले," फिरीसाहेब म्हणाले. "त्यांची बाकीची माणसं कॅम्पातच जेवतात. हा मात्र आमच्यात बसायचा. भांडायला माणूस समोर होता. तुमच्याशी भांडायचं तर फॅक्स करावा लागायचा."

"आणि नवीन काम?"

"तेही त्यांनाच दिलंय. तुमचा एक जुना पंप अजून चालतो, म्हटलं दोन्ही समोरासमोर सांगावं."

इतकी वर्षं मी चिनी किमतींना आणि कर्जाला शिव्या देत आलो होतो. थोकोने पाण्याचा ग्लास पुढे केला, तेव्हा डोळे भरून आलेत हे मला कळलं. निघताना फिरीसाहेब म्हणाले, "पाहुणे म्हणून या की लुसाकाला." मी नेहमीसारखं "बघू" म्हणालो. डबा पिशवीतच राहिला.

रविवारी दुपारी तो ओट्यापाशी उघडला आणि उभ्याउभ्याच एक दशमी खाल्ली. पिनरच्या घरात उभा होतो, पण लुसाकाच्या हॉटेलात आणि इथे काय फरक होता? हात धुऊन मुलीला फोन लावला.

"पुढच्या रविवारी जेवायला येऊ का गं तुमच्याकडे?"

ती म्हणाली, "बाबा, आम्ही किती वेळा बोलावलं. तुम्हीच सांगता, तब्येत बरा नाही."

"बरी आहे," मी म्हणालो. "पहिल्यापासून बरीच होती."