खुल्या वहीचे नियम

माझं माहेर जळगावचं. लग्न झालं तेव्हा नवरा शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात शिक्षक होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मीही तिथे राहायला गेले. गावात वाचनालय होतं. दोन खोल्या, पाच कपाटं आणि एक लांब टेबल. मी बी. ए. झालेली आणि घरी बसून कंटाळलेली, म्हणून समितीच्या अध्यक्षांनी मला तिथे ग्रंथपाल नेमलं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही म्हणायला लागले.

पहिल्याच वर्षी एका शेतकऱ्याने मला विचारलं, कपाशीची पानं अशी लाल का पडतात, त्यावर एखादं पुस्तक आहे का. पुस्तक नव्हतं. त्याला रिकाम्या हाताने पाठवायला जिवावर आलं, म्हणून त्याचा प्रश्न एका वहीत लिहिला, खाली ‘कुणाला ठाऊक असल्यास सांगावं’ असं लिहिलं आणि वही वर्तमानपत्रांशेजारी ठेवून दिली. चार दिवसांत खाली तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन उत्तरं आली होती. दोन उत्तरं एकमेकांच्या अगदी विरुद्ध होती. तो शेतकरी पुन्हा आला, वाचून हसला आणि त्याने आणखी एक प्रश्न लिहिला.

मग मी वहीला खाकी कव्हर घातलं आणि वर लिहिलं, ‘खुली वही. कुणीही लिहावं.’

वर्षभरात एकीच्या तीन वह्या झाल्या. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले लोक येऊन वाचायचे, लिहायचे. दुपारी दोन ते चार बायकांची वेळ ठेवली होती. त्या वेळात पुरुषांना आत यायला मनाई. त्या दोन तासांत वहीत जे उतरायचं ते मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. अंगावरून पांढरं जातं, काय करावं. लग्न झाल्यावर दहावीला बसता येतं का. नवरा बोलत नाही, चार महिने झाले. नाव कुणीच घालायचं नाही. उत्तरंही बिननावाची. मला त्या वहीचा फार अभिमान होता. नियम म्हणून काही हवेत, असं माझ्या मनातही आलं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी बायका गेल्यावर मी वही चाळत होते. निळ्या शाईत एक ओळ होती: ‘गावच्या सुईणीच्या हातून दोन लेकरं गेली. तिला घरात घेऊ नका.’

गावात सुईण एकच होती. साठीच्या घरातली, कपाळावर गोंदण असलेली. तिला सगळे अक्का म्हणायचे. ती ओळ मी दोनदा वाचली. अक्षरही ओळखलं. पुस्तकं देण्याच्या नोंदवहीत ते अक्षर दर आठवड्याला माझ्यासमोर यायचं. ती गावातली एक तरुण सून होती, सातवी शिकलेली. महिन्यापूर्वी तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं.

मी ती ओळ तशीच राहू दिली. मनाला सांगितलं, वही खुली आहे, तर खुलीच असायला हवी. तिचं दुःख आहे, लिहू दे. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात वही वाचायला इतकी गर्दी झाली होती की ते मला कुठेतरी आवडतही होतं.

आठ दिवसांत ती ओळ गावभर झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यातच ती जास्त फिरली. तोंडी चुगली असती तर दोन दिवस टिकली असती. पण ‘वहीत लिहिलंय’ म्हटल्यावर तिला वजन आलं. बाळंतपण जवळ आलेल्या एका घराने अक्काला येऊ नका म्हणून निरोप दिला. मग दुसऱ्या घराने दिला.

नवव्या दिवशी भर दुपारी अक्का वाचनालयात आली. बायकांची वेळ होती, पण ती दारात दिसताच दोघी-तिघी उठून गेल्या. तिने चपला बाहेर काढल्या, टेबलापाशी आली आणि उभ्या उभ्याच आपल्या अहिराणीत म्हणाली,

“बाई, मन्हावर काय लिखेल शे म्हने तुन्ही वहीमा. माले वाची दखाड.”

मी म्हणाले, “राहू द्या अक्का. लोक काहीबाही लिहितात.”

“बठ्ठा गावनी वाचं. मीच ऱ्हायनी. वाच.”

सगळ्या गावाने वाचलं होतं, तीच राहिली होती. मी वही उघडली. ओळ वाचू लागले. वाचून झालं. ती पानावर वाकली. मग म्हणाली, “मन्हं नाव कोठे शे त्यामा?”

“नाव नाही. सुईण असं लिहिलंय.”

“मंग ते मन्हंच नाव.” तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. रापलेलं, नख झिजलेलं बोट होतं. “इतलंसंच शे?” तिने विचारलं. एवढ्याशा खुणेने आपलं तीस वर्षांचं काम बंद पाडलं, याचं तिला नवल वाटलं असावं.

कुणी लिहिलं हे तिने विचारलं नाही. मीच सांगू लागले, “अक्का, मला अक्षर...” तर तिने हात वर केला. “नको सांगू. माले समजस. पन तू सांगं तर माले तिना दारमा जावाले तोंड ऱ्हावाव नही.”

मग ती खाली बसली आणि बोलू लागली. दोन लेकरं गेली हे खरं होतं. एक फार वर्षांपूर्वीचं, नाळ गळ्याला आवळलेली. आणि दुसरं हे. त्या दिवशी दुपारीच तिने घरच्यांना सांगितलं होतं, मूल आडवं आहे, हिला शिरपूरच्या दवाखान्यात घेऊन जा. घरच्या दोन्ही गाड्या कापूस भरून बाजाराला गेलेल्या. शेजारच्याची गाडी मागता आली असती. पण सासू म्हणाली, पहिलटकरीण आहे, वेळ लागतो, एवढ्यातेवढ्याला दवाखाना कशाला. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं होतं.

मी पेन उचललं. “हेच लिहू या. तुम्ही सांगा, मी लिहिते. लोकांना कळू दे.”

“नही,” ती म्हणाली. “ती पोर त्याच घरमा नांदस. सासूनं नाव लिखीसन मी तिना संसार मोडू का?”

“मग काय लिहू?”

तिने विचार केला आणि सांगितलं. मी तिच्याच बोलीत, तिचेच शब्द उतरवले: ‘तीस वरीस मी ह्या गावमा बाया मोकळ्या कयात. दोन लेकरं मन्हा हातमा गयात. मी त्या इसरनी नही. ज्याले बलावनं त्यानी बलावा.’ वाचनालयाच्या शिक्क्याच्या जांभळ्या पॅडवर तिने अंगठा टेकवला आणि त्या मजकुराखाली उमटवला. तोवर त्या तिन्ही वह्यांत कुणाची सही नव्हती. पहिली सही तिचीच.

नानांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती ओळ पहिल्याच दिवशी वाचूनही मी काही केलं नाही, हेही सांगितलं. ते रागावले नाहीत. “उद्या समिती बसवू,” एवढंच म्हणाले.

समितीत नानांचं म्हणणं, वही बंद करावी आणि ते पान फाडावं. कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून असलेला एक सभासद म्हणाला, बंद कशाला, प्रत्येकाने खाली सही करायची, म्हणजे आपोआप जपून लिहितील.

“सही मागितली तर बायका लिहिणार नाहीत,” मी म्हणाले. “एकही नाही.”

“मग न लिहू देत,” कारकून म्हणाला. “बिननावाच्या लिहिण्याने काय झालं, ते दिसलंच की.”

तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. आणि ती दहावीचं विचारणारी मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी मी म्हटलं, जिच्यावर हे आलं तिलाच बोलवा. नाना जरा घुटमळले. वाचनालयाच्या समितीसमोर सुईणीला कधी कुणी बोलावलं नव्हतं. पण त्यांनी निरोप धाडला.

अक्का आली. खुर्ची दिली तरी उंबऱ्यापाशीच बसली. नानांनी तिला विचारलं, “पान फाडू का?”

“फाडीसन काय व्हई, नाना? लोकेसना डोकामाईन कोन फाडी?”

“मग वही बंद करतो.”

“कायले? बायासले तेवढी एक जागा शे.” ती म्हणाली. “लिखोत. पन ज्यानावर लिखतस, त्याना कानवर पहिले घाला. गाव वाची आनि मी शेवटले आयकू, असं नको.”

नानांनी चष्मा काढून पुसला. मग कागद ओढला आणि नियम लिहायला घेतले. पहिला नियम तिचाच, त्यांनी शुद्ध मराठीत बसवलेला: एखाद्या माणसाविषयी काही लिहिलं गेलं, तर त्याच दिवशी ते त्या माणसाला वाचून दाखवावं आणि उत्तरासाठी खाली जागा सोडावी. सहीवर बराच वाद झाला. शेवटी ठरलं की वहीत नाव नको, पण कुणावर आरोप करायचा असेल तर लिहिणाऱ्याने आपलं नाव मला येऊन सांगायचं आणि मी ते कुणालाही, अगदी समितीलाही, सांगायचं नाही. कारकुनाने भर घातली, डोळ्यांनी पाहिलेलंच लिहावं. ऐकीव नको. पान कुणीही फाडायचं नाही, हे मी घालायला लावलं. आपलं लिहिलेलं चुकलं असं वाटलं तर त्यावर एक रेघ मारावी, गिरगटून टाकू नये. जे वाचता येत नाही ते लोक आपापल्या मनाने भरून काढतात, हे मला त्या आठ दिवसांत कळलं होतं.

तो कागद भिंतीवर लावला. पुढे एकदा खुद्द नानांविषयी कुणीतरी लिहिलं, की चांगली पुस्तकं ते आधी स्वतःच्या घरी नेतात. मी त्यांना ते वाचून दाखवलं. ते लाल झाले, कोण म्हणून विचारलं. मी नाही सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाली लिहिलं, ‘खरे आहे. यापुढे होणार नाही,’ आणि सही केली.

नियम लागले आणि बायकांनी वहीत महिनाभर जवळपास काहीच लिहिलं नाही. मला वाटलं, आता संपलं. मग एक दिवस ती तरुण सून पुस्तक परत करायला आली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवरचा कागद तिने सावकाश वाचला.

“ते मी लिहिलं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग मला बोलला का नाहीत?”

तिला विचारायला हवं होतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. अक्काच्या दुःखात मी हिला विसरून गेले होते.

ती खिडकीकडे तोंड करून बोलू लागली. “अक्कांनी सांगितलं होतं, हिला दवाखान्यात न्या म्हणून. मी ऐकलं होतं, मी आतच तर होते. पण सासूबाईंचं कसं लिहिणार? संध्याकाळी भाकरी थापायला त्याच घरात जायचं होतं. आत नुसतं कोंडलं होतं हो. कुणाचं तरी नाव लिहायचंच होतं मला.”

ती रडली नाही. तिने वही मागितली, ते पान काढलं आणि आपल्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, ‘हे रागात लिहिलं. तिचा दोष नव्हता.’ मग पेन टेबलावर ठेवून ती निघून गेली.

नियमाप्रमाणे मी त्याच दिवशी वही घेऊन अक्काकडे गेले. ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी वाचून दाखवलं. तिने मान हलवली. पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “वाईट वाचाले बठ्ठा ऊनात. हाई वाचाले कोन येई?”

ते खरंच होतं. ते पान बघायला कुणी गर्दी केली नाही. मी भेटेल त्या बाईला सांगत राहिले, पण ‘बरं झालं’ म्हणून ती दुसऱ्या विषयावर जायची. अक्काकडे काही घरं परतली, काही कधीच परतली नाहीत. दोन वर्षांत तिने ते काम जवळजवळ सोडलंच. वयाचं कारण सांगायची.

आमची धुळ्याला बदली व्हायच्या थोडं आधी त्या सुनेचे पुन्हा दिवस भरले. सकाळीच कळा सुरू झाल्या आणि या वेळी घरच्यांनी टेम्पो बोलावला. टेम्पोत चढताना ती थांबली आणि म्हणाली, अक्का आल्याशिवाय मी जाणार नाही. तिची सासू दारात उभी होती. आत गेली, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि स्वतः चालत अक्काच्या घरी गेली. तिथे दोघी काय बोलल्या, मला ठाऊक नाही. मी वाचनालयाच्या पायरीवरून पाहिलं ते एवढंच, की दोघी बरोबर आल्या. सासूने अक्काला हात देऊन टेम्पोत चढवलं आणि मग स्वतः मागे बसली.

दुपारी शिरपूरहून निरोप आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. अक्का मात्र त्या दिवशी परतली नाही. बाळंतिणीपाशी तीन दिवस राहिली आणि चौथ्या दिवशी त्यांच्याबरोबरच टेम्पोने गावात आली.